पहिलं नको

हॉटेलात जेवायचं श्रीमंतनं ठरवलं होतं, पण कोण कुठं बसणार ते वाढप्यानं ठरवलं. "लेडीज आन लेकरं फॅमिली रूममदी, बाकीचे हालमदी," असं म्हणत त्यानं लक्ष्मम्मा, तिची सून चांगुणा आणि चांगुणाच्या दोन्ही लेकरांना प्लायवूडच्या एका खोपट्यात बसवलं, हिरवा पडदा ओढला आणि फडकं खांद्यावर टाकून तो निघून गेला. आत एक टेबल, दोन बाकडी आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. फळीच्या पलीकडं, तिला अगदी खेटून असलेल्या टेबलाशी चांगुणाचे सासरे आप्पा आणि नवरा श्रीमंत बसले. म्हणजे सगळं घर एकत्रच जेवणार होतं, मधे फक्त एक फळी होती.

चांगुणाचा जीव भांड्यात पडला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ती सासऱ्यांच्या पुढ्यात बसून कधी जेवली नव्हती, आणि त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललीही नव्हती. कवठाळच्या घरात रीतच होती तशी. आप्पांना सुनेला काही सांगायचं झालं की ते जवळचं लेकरू धरत. "मन्मथ, तुझ्या आईला म्हणावं, म्हशीला पेंड ठेव." चांगुणा तिथंच हातभर अंतरावर उभी असे. मन्मथ वळून म्हणे, "पेंड ठेव." मग ती लेकरालाच सांगे, "आजोबाला म्हणावं, ठेवली." थोरली महानंदा बोलायला लागायच्या आधी या घराचा कारभार कसा चालत होता, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

महानंदा आता दहा वर्षांची होती आणि बोलायची थांबत नव्हती. पडद्यातून मुंडकं बाहेर काढून तिनं भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली. "पाणी मागितल्यावरच मिळेल. आई, मागू का?"

"थांब की जरा. देतील त्यांचे ते."

"देत न्हाईत. लिहिलंय की तसं." आणि तिनं पडद्यातूनच ओरडून पाणी मागितलं. पाणी आलं. लक्ष्मम्मानं पेला उचलून उजेडाला धरला, पाणी किती गढूळ आहे ते पाहिलं आणि न बोलता पिऊन टाकलं.

साल दुष्काळाचं होतं. उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. कचेरीवर नवी पाटी लागली, साहेबांच्या जीपा आल्या, गावोगावचे कारकून बदलून आले, पण पाऊस काही नव्या जिल्ह्यात रुजू झाला नव्हता. श्रीमंत त्या बदलून आलेल्या कारकुनांपैकीच एक. आधी तहसिलीत होता तोवर रात्रीच्या गाडीनं घरी येत असे. आता कलेक्टर कचेरीतल्या दोघांसोबत एका खोलीत राहत होता, खाणावळीत जेवत होता आणि शनिवारी चाकूरला उतरून कवठाळपर्यंत चालत येताना दर वेळी जरा बारीक दिसत होता.

म्हणून तर आज सगळे आले होते. सकाळी खाजामियाँ शिंप्याच्या घरामागच्या दोन खोल्या पाहिल्या. पुढं अंगण, कडेला मोरी, दिवसाआड येणारा नळ. खाजामियाँनं गळ्यातली टेप काढून खिशात घातली आणि श्रीमंतला सांगितलं, "देखो साब, फॅमिली लाते तो जागा तुमारी. पन मगरिबके पैले जवाब होना. दूसरा गिऱ्हाइक खडा है." मगरिब म्हणजे दिवस मावळतानाचा नमाज.

जवाब ठरलेलाच होता. कवठाळच्या शाळेला चौथीच्या पुढं वर्ग नाही, म्हणून महानंदा बापाबरोबर लातूरला येणार. दोघांना करून घालायला लक्ष्मम्मा येणार. आणि चांगुणा मन्मथला घेऊन गावातच राहणार, सासरे, धाकटा दीर शेषेराव, त्याची बायको आणि म्हैस यांच्यात.

असं ठरलं, कारण चांगुणा नको म्हणाली होती.

ते आठवलं की तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटे. पाडव्याच्या दिवशी जेवणं चालली होती आणि श्रीमंतनं सगळ्यांदेखत विचारलं, "मग चांगुणा, येतीस का लातूरला?" आता सगळ्यांदेखत विचारल्यावर कुठली चांगल्या घरची सून टुणकन उडी मारून हो म्हणंल? ती म्हणाली, "नको बाई. हितलं कोण बघंल?" म्हणाली आणि भाकरी थापत वाट बघत राहिली. आता तो म्हणेल, बघतील की सगळे. आता सासूबाई म्हणतील, जा गं, लेकीची शाळा हाय. मग आपण आणखी एकदा नको म्हणायचं, आणि मग बरं म्हणायचं. पण श्रीमंत "बरं" म्हणाला आणि वरणात भाकरी चुरायला लागला. कुणीच काही बोललं नाही. भाकरी तव्यावर करपली तेव्हा कुठं ती भानावर आली.

आज सकाळी खाजामियाँची बायको रईसा तिला खोल्या दाखवत होती. इथं चूल, इथं मांडणी, इथं धुणं वाळतं, धूप लई चांगली येती, असं ती सांगत होती आणि चांगुणा मनातल्या मनात डबे लावत होती. नंतर तिला कळलं, हे डबे आपले नाहीत, इथं सासूबाई लावणार. महानंदाची वेणी इथं कोण घालणार, हे मात्र तिच्यानं मनात आणवेना.

"आई, तू कामून खाईनास?" महानंदानं विचारलं. ताटं केव्हाच आली होती.

"खायलेय की," चांगुणा म्हणाली आणि पुरी मोडली.

* * *

बाहेर आप्पांपुढंही ताट आलं होतं. दोन पुऱ्या, बटाट्याची भाजी, वाटीत वरण आणि कोपऱ्यात लिंबाएवढा शिरा. पहाटेच्या गाडीनं उपाशीपोटी निघालेल्या माणसाच्या दाताला लावायला एवढं ठीक होतं. आप्पांनी कपाळावरच्या भस्माला बोट लावलं, ते गळ्यातल्या लिंगाला टेकवलं आणि निवांत जेवायला सुरुवात केली. खरं जेवण नंतर असतं, हे त्यांना ठाऊक होतं. खरं जेवण आग्रहाचं असतं.

आप्पा म्हणजे विरूपाक्षप्पा, कवठाळच्या पंगतीतलं मोठं पान. त्यांच्या हिशेबी सभ्य माणूस अन्न मागत नाही, त्याला वाढतात. वाढणाऱ्यानं विचारायचं आणि यानं नको म्हणायचं. पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार, त्याला कुणी उत्तर समजत नाही. दुसऱ्या नकोला हात ताटावर आडवा धरायचा, पण बोटं फाकवून, म्हणजे पुरीला वाट राहते. त्यानंतर मान हलवत "तुमी काय ऐकत न्हाव" म्हणायचं आणि पोटभर जेवायचं. आप्पा असे साठ वर्षं जेवत आले होते आणि कुठल्याच पंगतीतून उपाशी उठले नव्हते.

वाढपी पुऱ्यांची परात घेऊन आला. "आप्पा, पुरी?"

"नको, नको," आप्पा म्हणाले.

वाढपी पुढं गेला.

आप्पांना वाटलं, कुणी हाक मारली असेल, येईल माघारी. वाढपी आलाही. या वेळी भाजीची बादली होती. "भाजी?"

"नको."

गेला. वरण घेऊन आला तेव्हा आप्पांनी सावधपणा म्हणून जरा जोर लावला. "नकोच," ते म्हणाले. एवढ्या जोराच्या नकोला कवठाळमध्ये दोन माणसांनी हात धरून वाढलं असतं. वाढप्यानं डोकं हलवलं आणि पलीकडच्या टेबलाकडं वळला. हॉल माणसांनी भरला होता, त्याच्या अंगावर घामाच्या धारा होत्या आणि एक गिऱ्हाईक नको म्हणतंय याचं त्याला बरंच वाटलं असणार.

समोर श्रीमंत खाली मान घालून जेवत होता. "दोन टाका. भाजी राहू द्या. वरण आना," असं तो बघता बघता सांगून मोकळा होत होता. खाणावळीनं पोरगं पार बिघडवलं, असं आप्पांना वाटलं. बापाच्या ताटाकडं त्याचं लक्षच नव्हतं.

ताट रिकामं झालं. आप्पांनी वाटीला चिकटलेलं वरण बोटानं पुसून घेतलं आणि ते कुणी पाहिलं नाही ना ते बघितलं. घरी हे कधी झालं नसतं. घरी चांगुणा होती. लक्ष्मम्माला अलीकडं डोळ्यांनी नीट दिसत नसे, त्यामुळं वाढायचं काम चांगुणाकडं आलं होतं. ती सासऱ्याशी बोलत नसे, मग विचारणार कुठून? ती विचारतच नसे. मागून बांगड्या वाजत आणि आप्पांच्या आडव्या धरलेल्या हातावरून गरम भाकरी ताटात येऊन पडे. त्यांच्या नकोकडं तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं. तसं शेषेरावाच्या बायकोचं नाही. ती "मामांना वाढू का?" असं पोराकरवी विचारी आणि नको म्हटलं की खरंच झाकण ठेवी.

हे आठवलं तसं आप्पांना आणखी एक आठवलं, जे आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पाडव्याच्या दिवशी चांगुणा नको म्हणाली तेव्हा ते तिथंच जेवत होते. नको म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते नको कसलं आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार? ते पहिलं नको होतं, निव्वळ पहिलं. "जा की पोरी" एवढं कुणीतरी म्हणायचं होतं. आणि नेमक्या त्या घडीला आप्पांच्या ताटात तिच्या हातची फुगलेली भाकरी पडली होती. ते भाकरीकडं बघून गप्प बसले. आज रिकाम्या ताटासमोर बसून त्यांना स्वतःची लाज वाटली.

* * *

"ओ वाढपीदादा," फळीच्या आतून लक्ष्मम्माचा आवाज आला. तिला दिसत कमी असलं तरी ऐकू सगळं येत होतं. "त्यांना वाढा की. ते नको म्हणतेत पर घेतेत."

वाढपी पडद्याशी थांबला. "आज्जी, मी कितींदा गेलो, त्यांनीच नको म्हणले."

"ते म्हणणारच की. तुमी वाढायचं."

"न्हाई बा. वाढलं आन टाकून दिलं तर मालक माझ्यावर ओरडतोय. असल्या दिवसात अन्न टाकता येतंय का?" आणि तो शिरा घेऊन लेकरांच्या ताटाकडं वळला. मन्मथनं दोन्ही हातांनी ताट पुढं केलं.

लक्ष्मम्मा मागं टेकून बसली. नवऱ्याचा तो "नकोच" तिनं ऐकला होता. या माणसाचं बोलणं ती इतकी वर्षं उलटं धरून चालत आली होती आणि संसार सुरळीत झाला होता. आणि हा मेला वाढपी एका शब्दाला भुलून निघून गेला. असं कसं कुणी एका शब्दाला भुलतं, असं मनात आलं आणि तिथंच तिचा घास थांबला. आपण तरी काय केलं होतं पाडव्याला?

खरं म्हणजे लातूरला यायचं तिच्या जिवावर आलं होतं. सारवायला शेण नाही, बोलायला शेजार नाही, नळ येईल तेव्हा रांगेत उभं राहायचं, आणि सकाळपासून महानंदा तिला हात धरून असं नेत होती की जणू आजीच पहिलीत चालली आहे. पण सून नको म्हणाली, पोरगा खाणावळीत वाळत चाललेला, मग आईनं जायचं नाही तर कुणी? ती मनातून सुनेवर रुसलीही होती. नवऱ्यापेक्षा हिला म्हैस जास्त झाली, असं तिनं शेजारणीला बोलून दाखवलं होतं.

"चांगुणा," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुझं बी असलंच नको होतं काय गं?"

चांगुणानं मान वर केली नाही. "कुठल्या दिवशी?"

"लई शाणी हायस. पाडव्याच्या."

आता हो म्हणायचं. एवढंच करायचं होतं. महिन्याभरापासून ती ज्या विचारण्याची वाट बघत होती ते आज पुढ्यात येऊन बसलं होतं. पण तोंड उघडलं आणि तिच्या आईनं, आजीनं, सगळ्या आत्या-मावश्यांनी शिकवून ठेवलेलंच बाहेर आलं. "न्हाई आत्याबाई. तसं कसं? तुमचं, मामांचं कोण बघंल?"

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पंख्याच्या धुळीवर ढकललं.

लक्ष्मम्मानं ते पाणी पाहिलं नाही, पण आवाज ओळखला. हे दुसरं नको होतं. तिनं नातीला कोपरानं ढोसलं. "जा, आजोबाला इचारून ये, पोट भरलं का म्हणून. खरं सांगा म्हणावं."

महानंदा पडद्याबाहेर गेली आणि लगेच परत आली. "नको म्हणले. भागलं म्हणले."

"आन तू आलीस माघारी?"

"मग काय करू? ते नको म्हणले की."

लक्ष्मम्मानं कपाळावर हात मारला. बाप तशी लेक. तिनं फळीवर बुक्की मारली. "श्रीमंत, तुझ्या बापाच्या ताटात बघ जरा."

* * *

श्रीमंतनं बघितलं आणि ओशाळला. ताट घासल्यासारखं स्वच्छ होतं. "आप्पा, तुमी काहीच घेतलं न्हाई?"

"तो परत इचारीना," आप्पा म्हणाले.

"तुमीच नको म्हणलाव की त्याला."

"हाव. मी नको म्हणलो." आप्पांनी ताट थोडं बाजूला सारलं. "आन चांगुणा काय म्हणली होती?"

श्रीमंतच्या हातातली पुरी हातातच राहिली. कचेरीत एखाद्या कागदावर नाही असा शेरा पडला की तो कागद बाजूला ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा, असं तो करत आला होता. बायकोचं नकोही त्यानं तसंच बाजूला ठेवलं होतं. पण कागद बाजूला ठेवला की संपतो, हे नको संपलं नव्हतं. खाणावळीतल्या पातळ वरणात भाकरी बुडवताना, रात्री सोबतचे कारकून घोरत असताना, ते त्याला टोचत होतं.

"म्हणजे तिला यायचं होतं?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. पण फळी पातळ होती. आत सगळ्यांनी ऐकलं.

"तू कितींदा इचारलास?"

"एकदाच. नको म्हणल्यावर परत कसं इचारू? मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, मीच नको हाय तिला."

मग आतून महानंदाचा आवाज आला, "आई, बाबा काय म्हणले ऐकलीस का?"

"ऐकलं," चांगुणा म्हणाली. हा माणूस दर शनिवारी येऊन मुकाट भाकरी खाऊन परत जात होता, तो मनात हे घेऊन, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची माया आली.

"तू एकदा तरी म्हणलास का तिला," लक्ष्मम्मा फळीतून म्हणाली, "की तुझ्याबिगर माझं भागत न्हाई म्हणून? पोरीनं काय तुझ्या पाठीमागं पळत यावं?"

"आव्वा, समद्या हॉटेलला ऐकू जायलंय," श्रीमंत आईला म्हणाला.

"जाऊ दे. त्यांना बी बायका असतील."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं व्यापारी जेवायचे थांबून इकडंच बघत होते. आप्पांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि फळीकडं तोंड केलं. "लक्ष्मम्मा, पोराला बोलू नको. चूक माझी हाय. तिचं नको कसलं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप बसलो. तिच्या हातचं जेवायची सवय लागली मला, म्हणून गप बसलो." असलं काही त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. "मन्मथ, तुझ्या आईला इचार..."

"मन्मथ झोपलाय," लक्ष्मम्मा म्हणाली. खरंच, शिरा खाऊन तो तिच्या मांडीवर आडवा झाला होता.

"मग महानंदा, तू इचार. तुझ्या आईला म्हणावं..."

"ती हितंच हाय आजोबा," महानंदा म्हणाली. "तिला ऐकू येतंय. तुमीच इचारा की."

लक्ष्मम्मा मदतीला आली नाही. श्रीमंत ताटात बघत होता. आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. दुसरं लेकरू जवळ नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, मुंडासं नीट केलं, जणू कुणाच्या दारात उभे आहेत.

"चांगुणा," ते म्हणाले.

त्या आवाजात आपलं नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"पोरी, मी इचारायलाव. श्रीमंत न्हाई, मी. तुला लेकरं घेऊन लातूरला ऱ्हायचंय का? माझं बघू नको, म्हशीचं बघू नको. तुला काय वाटतंय ते सांग. आन न्हाई म्हणलीस तर मी परत इचारनार हाय, संध्याकाळपर्यंत इचारनार हाय."

चांगुणाच्या ओठांवर नको येऊन थांबलं होतं. ते म्हटलं असतं तरी चाललं असतं. आप्पांनी पुन्हा विचारलं असतं, ते शब्दाचे पक्के होते, आणि विचारून घेण्यात एक गोडी असते ती तिलाही हवी होती. पण फळीच्या पलीकडं तिचा नवरा श्वास धरून बसला होता. त्याला आणखी एक नको ऐकवायचं तिच्या जिवावर आलं.

"ऱ्हायचंय मामा," ती म्हणाली. तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून तिनं पुन्हा म्हटलं, "लई ऱ्हायचंय."

श्रीमंत उठूनच उभा राहिला. "मी खाजामियाँला सांगून येतो."

"बस खाली," लक्ष्मम्मा आतून म्हणाली. "मगरिबला लई वेळ हाय. आन मला काय घर सोडायचं न्हाई बाबा, तेवढं बी सांगून ठेवते. कुणी इचारलं न्हाई, मीच सांगते." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की महानंदा हसायला लागली.

"मामा," आतून चांगुणाचा आवाज आला. एकदा वाट मोकळी झाली होती, ती आता बंद करायला ती तयार नव्हती. "मी जाईन. पर माझं एक ऐकावं लागंल."

"सांग की."

"धाकटीला तुमचं नको कळत न्हाई. ती खरं धरती. आन आत्याबाईला ताटात काय उरलं ते दिसत न्हाई. मी गेल्यावर तुमी उपाशी ऱ्हाचाल. मला हितं घास जायचा न्हाई."

"ऱ्हाणार न्हाई उपाशी."

"आता बी उपाशीच हाव की तुमी." ती सासऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि त्याच बोलण्यात त्यांना हुकूम सोडत होती, हे तिला कळलं, पण ती मागं हटली नाही. "आतापासून मागून घ्यायचं. आताच मागा. मला ऐकू येऊ द्या."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन शेजारून चालला होता. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. लग्नाच्या पंगती, जत्रेच्या पंगती, दिवसकार्याच्या पंगती, सगळ्या डोळ्यांपुढून गेल्या. कुठंही, कधीही हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नव्हता. श्रीमंत बोलणार होता, आप्पांनी हातानं त्याला थांबवलं.

"इकडं ये रे बाबा," ते म्हणाले. "मला भूक लागलीय. भात वाढ."

वाढप्यानं चकित होऊन त्यांच्याकडं पाहिलं आणि दोन मोठी उलथनी भात ताटात टाकला. आप्पांनी हात आडवा धरला नाही. ते खाली मान घालून जेवायला लागले.

फळीच्या आत चांगुणाला भात पडल्याचा आवाज आला, मग वरणाची वाटी टेकल्याचा. तिच्यावाचून ते जेवत होते. आपण आता ते घर खरंच सोडलं, हे तिला त्या आवाजानं कळलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि लेकीदेखत, सासूदेखत रडली, आणि लक्ष्मम्मानं काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला.